चित्रकारबाईंच्या पाठीमागे

हॉस्पिटलने सिस्टरना निवृत्त करून जमाना झाला, पण गल्लीने काही केलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांचं दार सकाळी उघडायचं ते झोपायच्या वेळीच लागायचं. कुणाचं ब्लडप्रेशर बघ, कुणाच्या पोराच्या पायातला काटा काढ, कुणाला डॉक्टरांचं अक्षर लावून दे, असं दिवसभर चालायचं. आणि यातली निम्मी नुसती निमित्तं असायची. शेजारच्या इमारतीतल्या रिटायर्ड पोस्टमनचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं ठणठणीत होतं, तरी ते रोज दुपारी बाही वर सरकवून हजर. "बघा जरा, आज डोकं जड वाटतंय," म्हणायचे, आणि मग दोन तास सगळ्या गल्लीची डोकी जड करायचे. समोरच्या वकिलांच्या बायकोला सगळे वकीलवहिनी म्हणत. घरी वकिलांपुढे तोंड उघडायची सोय नसल्यामुळे त्या आपले सगळे वाद इथे येऊन घालायच्या आणि जिंकायच्याही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे द्यायला यायचा आणि घडी घातल्यासारखा खाटेच्या टोकाशी बसून राहायचा. सिस्टरना जरा एकटं बसायचं म्हटलं तर दाराला कडी घालावी लागायची, आणि कडी घातली की लोक घाबरून दार बडवायचे.

मुलगा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. दर रविवारी फोन करून "आई, आता इकडे ये," म्हणायचा. सिस्टर "बघू रे," म्हणायच्या. मुलाला विचारल्याचं पुण्य मिळायचं आणि सिस्टरना त्यांच्या दोन खोल्या.

अशा सगळ्या छान चाललेल्या गोष्टीत वरच्या मजल्यावर एक चित्रकारबाई राहायला आल्या. तरुण, अबोल, बोटांना कायम रंग. एकदा ताप आला म्हणून खाली आल्या आणि गोळी घ्यायची सोडून सिस्टरच्या तोंडाकडेच बघत बसल्या.

"सिस्टर, मला तुमचं चित्र काढायचंय."

"माझं? अगं, आता काय राहिलंय काढण्यासारखं? रक्त काढायचं म्हटलं तर शीर सापडत नाही!"

पण मनातून त्या सुखावल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाकडे बघण्यात गेलेल्या बाईकडे कुणीतरी इतकं निरखून बघत होतं. त्यांनी कपाटातली चांगली साडी काढली. ती चित्रकारबाईंनी परत ठेवायला लावली. "घरातलीच नेसा. आणि चष्मा काढा, काचेवर खिडकी चमकते."

बैठका सुरू झाल्या. खुर्ची खिडकीजवळ, सिस्टरचं तोंड दाराकडे, चित्रकारबाईंची पाठ दाराकडे. काम करताना बाईंना जगाचा आवाज चालत नसे. कानांवर नारळाच्या करवंट्यांएवढे हेडफोन चढवून त्या आतल्या आत काहीतरी ऐकत असायच्या. नियम कडक होते. बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. "हसलात की गाल वर जातात, सिस्टर, मग मला सगळं पुन्हा करावं लागतं."

आता दुपारची मंडळी काही चित्राखातर घरी बसणार नव्हती. ती यायची, चपला काढायची, आणि चित्रकारबाईंच्या पाठीमागे खाटेवर ओळीने बसायची. सिनेमा बघायला आल्यासारखी. बाईंच्या कानांवर करवंट्या, त्यांना पत्ताच नाही; त्या आवरायला लागायच्या आत मंडळी कप ठेवून पसार. पोस्टमन थोडे दिवस शहाण्यासारखे वागले. मग त्यांच्या अंगात आलं. चित्रकारबाई एक डोळा मिटून, हात लांब करून, ब्रश उभा धरून सिस्टरच्या नाकाचं माप घेत. मागे पोस्टमन एक डोळा मिटून, हात लांब करून, सिस्टरचाच थर्मामीटर उभा धरून वकीलवहिनींच्या नाकाचं माप घेऊ लागले. वहिनींचं नाक मापात बसेना. पोस्टमननी थर्मामीटर झटकला, पुन्हा मापलं, आणि कपाळाला हात लावून इस्त्रीवाल्याला खुणेने सांगितलं, कागद पुरणार नाही.

इकडे सिस्टरचे हाल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांनी ओठ आत घेतले, दात आवळले, मनात हॉस्पिटलमधल्या सगळ्या औषधांची नावं म्हटली. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजत बसल्या, जुनी सवय. हसू तोंडातून निघेना तेव्हा डोळ्यांतून निघालं. डोळे काठोकाठ भरले.

"असंच, सिस्टर," चित्रकारबाई कुजबुजल्या. "अजिबात हलू नका. असंच."

त्या दिवशी बाई फारच रंगात येऊन काम करत होत्या. चित्र पुरं झालं तेव्हा ते न दाखवताच फडक्यात गुंडाळून वर नेलं. ओलं आहे म्हणाल्या. पुढे ते प्रदर्शनाला गेलं, त्याला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. वकीलवहिनींनी पेपर आणून दाखवला, पण फोटो काळापांढरा आणि बोटभर. त्यात काय दिसणार? खाली लिहिलेलं मात्र वहिनींनी मोठ्याने वाचलं. 'वाट पाहणारी. रिकाम्या खोलीत स्वतःचाच हात धरून बसलेल्या या वृद्धेच्या पाणावलेल्या डोळ्यांत आपल्या साऱ्या पिढीचा अपराध दिसतो.'

"रिकामी खोली?" पोस्टमन म्हणाले. "मग आम्ही काय भुतं होतो?"

सगळे पोट धरून हसले. सिस्टर सगळ्यांत जास्त हसल्या. तेव्हा हसू आलं, कारण तोवर मुलाने चित्र पाहिलेलं नव्हतं.

मुलाने ते पाहिलं. त्याच्याच शहरात प्रदर्शन, त्याच्याच ऑफिसची माणसं, आणि आईचं नाक त्याच्या तोंडावर जसंच्या तसं. "तुमच्या आई का?" असं कुणीतरी त्याला विचारलं, हळू आवाजात, कोणी गेल्यावर विचारतात तसं. तो चित्रापुढे उभा राहून सगळ्यांदेखत रडला. मुलगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर सिस्टरचं काम सोपं झालं असतं. पुढच्या रविवारी फोन आला नाही, गाडी आली. मुलगा आणि सूनबाई दोघं. मुलगा आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, चल. थोडे दिवस तरी चल." त्याचे डोळे सुजलेले बघून सिस्टरच्याने नाही म्हणवेना. चार कपडे पिशवीत घातले आणि जाताना वहिनींकडे खोलीची किल्ली दिली. म्हणाल्या, "खिडक्या उघडत जा, मी आलेच."

मुलाचं घर चौदाव्या मजल्यावर. सगळं चकचकीत, सगळं बंद. खिडक्यांना उघडायची सोयच नव्हती, थंड हवा भिंतीतून यायची. खाली बघितलं तर माणसं सांडलेल्या मोहरीसारखी. दाराला किल्ली नव्हती, बोट टेकवायचं. सिस्टरचं बोट टेकवून टेकवून सूनबाई दमल्या, यंत्र काही ओळखेना. साबण, स्पिरिट आणि उकळत्या पाण्यात सगळी नोकरी गेली, बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. आकडे दाबूनही दार उघडायचं, पण एकदा सिस्टरचा आकडा चुकला, भोंगा बोंबलला, खालून गार्ड धावत आला आणि शेजारच्या तिन्ही दारांतून डोकी बाहेर आली. "आई, तुम्ही एकट्या बाहेर नका जाऊ," सूनबाई काळजीने म्हणाल्या. "जाल, पण आत कशा याल?"

आणि हॉलमध्ये ते चित्र. मुलाने विकत घेऊन लावलं होतं, वर खास दिवा. सिस्टरनी तेव्हा पहिल्यांदा ते नीट पाहिलं. चित्र वाईट असतं तर त्या हसल्या असत्या. चित्र फार चांगलं होतं. खोली त्यांचीच, खुर्ची त्यांची, पण मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीवरच्या लोकांच्या पिशव्या, टेबलावरचे उष्टे कप, सगळं गायब. नुसती राखाडी भिंत. तिच्यापुढे एक म्हातारी, ओठ आत ओढलेले, आपलंच मनगट घट्ट धरलेलं, डोळ्यांत पाणी. आणि ते डोळे दाराकडे लागलेले. पलीकडे थर्मामीटर धरून पोस्टमन उभे आहेत, हे बघणाऱ्याला कसं कळावं?

घरी पाहुणे येत. आधी चित्राकडे बघत, मग सिस्टरकडे, मग आवाज खाली आणत. त्यांच्याशी कुणी भांडेना, कुणी चेष्टा करेना, कुणी स्वतःचं दुखणं सांगेना. ज्या बाईला लोकांनी आयुष्यभर आपली गळवं दाखवली, तिच्यापुढे आता सगळे निरोगी. "कशा आहात?" विचारून उत्तराची वाट न बघता हात दाबत. सिस्टर थट्टा करायला गेल्या तर सूनबाई पाहुण्यांना म्हणत, "बघा, किती सोशिक आहेत!" गप्प बसल्या तर पाहुणे म्हणत, "अगदी चित्रातल्यासारख्या." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सूनबाईंनी प्रेमाने त्यांची खुर्चीसुद्धा खिडकीजवळ ठेवली होती. त्या खुर्चीत बसलं की सिस्टरना आपण दुसऱ्यांदा रंगवले जातोय असं वाटे, आणि उठून जायला जागा नव्हती.

थोड्या दिवसांचे बरेच दिवस झाले. एका सकाळी चहा घेताना मुलगा म्हणाला, "आई, त्या खोल्या सोडतोय म्हणून मालकाला कळवलंय. महिनाअखेरीला किल्ली द्यायची. तू आता परत त्या रिकाम्या घरात जायचं नाहीस."

सिस्टरनी कप खाली ठेवला. "अरे, रिकामं कुठलं? मला न विचारता कळवलंस?"

"तुला विचारलं तर तू नाहीच म्हणणार."

"मग? नाहीच म्हणतेय मी! हे बघ, त्या चित्रात मी रडत नव्हते. हसू दाबत होते. तो पोस्टमन मागे उभा राहून नकला करत होता, वहिनींचं नाक मोजत होता..."

मुलाने त्यांचा हात हातात घेतला. "आई, मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगशील. लहानपणी मी बघितलंय. नाइट ड्यूटी करून यायचीस, पाय सुजलेले असायचे, आणि म्हणायचीस, मी कुठे दमलेय!"

हे मात्र खरं होतं. तेव्हा त्या खोटं बोलल्या होत्या, रोज बोलल्या होत्या, आणि ते खोटं इतकं चांगलं वठलं होतं की आता खरं बोलायला जागा उरली नव्हती. करायला गेले काय आणि वर झाले पाय, दुसरं काय? रागाने त्यांचे डोळे भरून आले. मुलाने ते पाहिलं आणि मान हलवली, जणू हेच तर म्हणत होतो.

सिस्टरनी चित्रकारबाईंना फोन लावला. सरळ सांगितलं, "पोरी, माझ्या मुलाला एवढंच सांग की खोलीत माणसं होती."

"खरंच होती, सिस्टर? मला काम करताना मागचं काही कळत नाही."

"अगं, चौघं-चौघं बसायची खाटेवर. चहाचे कप उचलताना नाही का पाहिलेस?"

"कप पाहिले. लोक येतात ना तुमच्याकडे. पण ते कामाला येतात, सिस्टर. इंजेक्शनला, ब्लडप्रेशरला. तुमच्यासाठी कोण येतं?" बाईंच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, माया होती, तीच जास्त टोचली. "मी जे पाहिलं ते तुमच्या चेहऱ्यावर होतं. मी ते बाहेरून आणलं नाही."

सिस्टरनी फोन ठेवला. तुमच्यासाठी कोण येतं? मग त्यांना पोस्टमनचं ब्लडप्रेशर आठवलं. ज्या माणसाला काहीही झालेलं नाही तो रोज बाही वर करून कशासाठी येतो? त्यांच्या जिवात जीव आला. साक्षीदार आहेत की आपल्याकडे! हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पोस्टमन तर फोनवरच गरजले. "येतो म्हणजे काय, उद्या सकाळच्या गाडीने येतो! वहिनींनाही आणतो. किल्ली पाठवून द्या म्हणून तुमच्या मुलाचा दोनदा फोन आला होता त्यांना. सापडत नाही म्हणून अडवून धरलीय त्यांनी. मी तुमच्या मुलासमोर ती नक्कल करून दाखवतो, थर्मामीटरसकट. हसून हसून उचकी लागेल त्याला. आणि संध्याकाळी तुम्ही आमच्याबरोबर परत. सामान भरून ठेवा."

सिस्टरनी सामान भरलं. चार कपड्यांची पिशवी, किती वेळ लागतो? सकाळी लवकर अंघोळ केली, चांगली साडी नेसल्या, केस विंचरले. सूनबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "माझी माणसं येतायत." किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला.

बेल वाजली तेव्हा त्या आत केसांना पिना लावत होत्या. दार उघडल्याचा आवाज आला, पोस्टमनचं खणखणीत "नमस्कार, नमस्कार!" आलं, वहिनींचं "बाई, काय उंच ही इमारत, कान बसले!" आलं. सूनबाई म्हणाल्या, "या ना, बसा." मग पावलं हॉलमध्ये गेली.

आणि मग काही आलंच नाही. पोस्टमन आहेत आणि शांतता आहे, असं कधी झालं नव्हतं. सिस्टर पिना तशाच हातात घेऊन बाहेर आल्या.

दोघं सोफ्यावर बसली होती, समोर चित्र. यापूर्वी त्यांनी बोटभर काळापांढरा फोटोच पाहिला होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. पोस्टमनचे हात गुडघ्यांवर होते, टोपी हातात, आणि उंचापुरा माणूस एकदम लहान दिसत होता. मुलगा बाजूच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

"आलात?" सिस्टर हसून म्हणाल्या. "अहो पोस्टमन, थर्मामीटर आणलाय ना?"

पोस्टमन उठले. त्यांनी चित्राकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे.

"सिस्टर," ते म्हणाले, "आम्ही रोज यायचो हो. रोज आपलंच सांगत बसायचो. तुम्हाला काय होतंय ते कधी विचारलंच नाही."

"मला काहीही होत नव्हतं!"

"सिस्टर, तुम्ही समोर बसला होतात आणि मी नकला करत होतो. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं ते मला दिसत होतं. मला वाटलं, हसताय. किती गाढव असतो माणूस."

"अहो, हसतच होते मी! वहिनी, तुम्ही तरी सांगा. तुमचं नाक मोजत होते हे. तुम्ही यांना चिमटा काढलात, तो इस्त्रीवाला खाटेवरून पडता पडता राहिला. सांगा ना याला!"

वहिनी आल्या आणि सिस्टरच्या गळ्यात पडल्या. सिस्टरच्या खोलीत एकदाही वाद न सोडलेली ती बाई नुसती रडत होती. "आम्हाला क्षमा करा," म्हणाली, "आम्ही तुम्हाला एवढ्या जवळून कधी पाहिलंच नाही."

सिस्टरचे हात खालीच राहिले. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांना एका रंगवलेल्या कापडाने आंधळं केलं होतं. ते मुलावर रागावू शकत होते, चित्रकारबाईंना खोटं पाडू शकत होते, आणि ते इथवर आले आणि चित्राच्या बाजूने झाले. कुंपणानेच शेत खाल्लं. त्यांच्या मनात आलं, इतक्या लोकांना दिसतंय, तर असेलही का ते तिथे? नाही. नव्हतं. त्यांना पक्कं माहीत होतं की नव्हतं, आणि हे माहीत असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

वहिनींनी कमरेची किल्ली काढली आणि मुलासमोर टेबलावर ठेवली. "सापडली," त्या म्हणाल्या. मुलाने ती उचलून खिशात टाकली.

"पोस्टमन," सिस्टर शेवटचं म्हणाल्या, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "माझ्या डोळ्यांकडे बघून सांगा. त्या दिवशी मी हसत होते की नव्हते?"

पोस्टमन जवळ आले. त्यांनी सिस्टरच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, मान थोडी वाकवली, आणि म्हणाले, "हो हो, सिस्टर. हसतच होतात तुम्ही. खूप हसायचो आपण, नाही का?"

हा आवाज सिस्टरनी पूर्वी ऐकला होता, स्वतःच्या तोंडून. वॉर्डात एखादा पेशंट उद्या घरी जायचं म्हणून हट्ट धरायचा, आणि तो जाणार नाही हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असायचं. त्या त्याच्या खांद्यावर असाच हात ठेवायच्या आणि याच आवाजात म्हणायच्या, "हो हो, जायचं हं, उद्याच जायचं आपण घरी." मग पेशंट गप्प व्हायचा. त्याला बरं वाटलं म्हणून तो गप्प झाला, अशी आजवर त्यांची समजूत होती.